न मागितलेली कर्जं

भिंग घासावं, पाण्याखाली धरावं, उजेडाकडे करून पुन्हा बघावं. चष्म्याच्या दुकानात थोरल्या लेकीची अकरा वर्षं अशीच गेली. आता दुकानदारकाका थकले होते. "घासायचं यंत्र तूच घे, पोरी," ते म्हणाले. "महिनाभर थांबतो. पुढे मात्र जो पैसे घेऊन येईल त्याला विकीन."

तिनं कर्जाचा अर्ज केला. पतपेढीतल्या बाईंनी तो परत सरकवला.

"ताई, वर्षभरात नऊ ठिकाणी कर्ज मागितलंत?"

"मी? एकाही ठिकाणी नाही हो!"

"नऊ कंपन्यांनी तुमची पत तपासलीय. दारोदार हिंडणाऱ्याला आमचे साहेब उभं करत नाहीत. आणि तुमच्या परवानगीशिवाय कुणाला बघताच येत नाही, म्हणून विचारते."

यादीतल्या तारखा वाचताना तिचं बोट थबकलं. प्रत्येक तारखेच्या आगेमागे घरी तिला बघायला पाहुणे आले होते. कुणाचा भाऊ, कुणाचा मेहुणा कर्जकंपनीत. मुलीच्या डोक्यावर काही बोजा नाही ना, एवढंच बघायचं. बघितलं, चहा प्यायले, गेले.

नवव्या कंपनीत तिचा मामाच नोकरीला होता.

मामा हसला. "अगं, स्थळं का परत फिरतात ते बघत होतो. घरच्या माणसाला कसली परवानगी?"

पतीच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडे तिनं तक्रार लिहायला घेतली, तशी आई आडवी आली. "सख्ख्या मामाच्या पोटावर पाय देशील? माझं माहेर तेवढंच उरलंय गं."

आठ नावं लिहून झाली. नवव्यापाशी पेन अडलं. मग तेही लिहिलं. त्या दिवसापासून आई तिच्याशी बोलेना.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं : 'ग्राहकाची संमती आहे.' सोबत पुरावा : तिच्याच ओळखपत्राची प्रत, खाली तिचीच सही.

वडिलांनी प्रत ओळखली. "ती मीच दिली, स्थळाच्या माहितीबरोबर. प्रत्येकाला एक. म्हटलं, आपलं सगळं खरं आहे हे लोकांना दिसावं."

"लग्नासाठी म्हणून सही घेतलीत ना, बाबा?"

वडिलांनी प्रत उलटी करून ठेवली.

तिनं पुन्हा लिहिलं : सही लग्नाच्या कागदावर होती, माझी पत बघायला नव्हे. उलट टपाली कळलं, चौकशीला साठ दिवस लागतील. महिना मात्र तीस दिवसांचाच होता. एकतिसाव्या दिवशी दोघा हमालांनी यंत्र उचललं. दुकानदारकाका पाठमोरे उभे राहिले.

त्याच आठवड्यात धाकट्या लेकीसाठी स्थळ आलं. मध्यस्थानं मुलाच्या ओळखपत्राची प्रत वडिलांच्या हातात दिली. "ओळखीत असेल कुणी, तर बघून घ्या. हल्ली सगळेच बघतात."

"बाबा, नको," थोरली म्हणाली.

"धाकटीच्या जन्माचा प्रश्न आहे गं," वडील तिच्याकडे न बघता पुटपुटले. प्रत त्यांनी घडी करून खिशात घातली.

प्रतीवर त्या मुलाचा चेहरा काळपट, अर्धवट उमटला होता. तोही कुठेतरी अर्ज हातात घेऊन उभा असेल, हे त्या घरात तिला एकटीलाच ठाऊक होतं.