नदीतल्या बेटावर दोन जावा

धावड्याहून निघाल्यापासून सोनूबाई आणि तिची धाकटी जाऊ साळूबाई एकमेकींशी कामापुरतंही धड बोलल्या नव्हत्या. भोकरदन गेलं, जालना गेलं, अंबड गेलं. सोनूबाई पुढं आणि साळूबाई हाकेच्या अंतरावर मागं.

गोदावरीपलीकडच्या गावात सोनूबाईची लेक पुष्पा दिवस भरलेली होती. तिची सासू थंडीतच वारली होती, घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं. इकडं पुरुष खळ्यात अडकलेले. एवढी वाट एकट्या बाईनं कशी चालायची म्हणून साळूबाईला सोबत धाडलं, कारण पलीकडचं ते गाव तिचं माहेर. पुष्पाची सोयरीकही तिनंच जुळवली होती. जावई हात उगारणारा निघाला, त्या दिवसापासून सोनूबाई जावेच्या हातचं पाणी पीत नव्हती.

अंतरवाली सराटीत त्यांनी भाकरीचं फडकं सोडलं, तेव्हा साळूबाई उन्हात बसूनही कुडकुडत होती. सोनूबाईनं पाहिलं, विचारलं नाही.

चैत्रातली नदी. अलीकडची धार गुडघाभर, मग वाळूचं लांबलचक बेट, आणि त्यापलीकडं खोल डोह. तिथून पुढं नावच लागे. बेटावर पाय टेकताच साळूबाई खाली बसली आणि तशीच आडवी झाली. अंग तव्यासारखं तापलेलं.

बेटावर कचरूची टरबुजांची वाडी होती. तो काठी घेऊन आला आणि लांबच थांबला.

"काय झालंय हिला?"

"ताप हाय."

"पटकी असंल. तहसीलचा शिपाई दवंडी देऊन गेल्ता, आजारी माणसाला थारा देऊ नका म्हणून. उठवा तिला!"

"उलटी न्हाई, जुलाब न्हाई. हिवताप हाय तो."

"मला शिकवू नको बाई. मागल्या साली माझी दोन लेकरं गेली. आल्या वाटंनं माघारी व्हा."

तेवढ्यात पलीकडून अलीम नावाड्याची नाव आली. त्यानं ती काठापासून बांबूभर अंतरावरच रोखली. "तुम्ही या बाई, तुम्हाला बराबर पोचवतो. तिला बिलकुल घेणार न्हाई. जल्दी करा."

सोनूबाई पाण्यात उतरली. पुष्पाला कळा सुरू झाल्या असतील तर? तिच्याजवळ तो नवरा सोडून कोण असेल? पाणी कमरेला लागलं.

"जा तुम्ही," वाळूवरून साळूबाई म्हणाली. "तुमच्यावाचून मी मरत न्हाई."

सोनूबाई थांबली. नावेकडं पाहिलं, मग मागं वळली आणि ओलं लुगडं पिळत परत आली.

"तू मरशील आन् गाव म्हणंल, थोरलीनं सोडून दिली. तोंड काळं करायचंय माझं? पड गप."

नाव रिकामीच परत गेली.

सोनूबाईनं तिला फरफटत बाभळीच्या सावलीत नेलं. पदराची चिंधी भिजवून कपाळावर ठेवली, भाकरीचा चुरा पाण्यात कालवला. साळूबाईनं तोंड फिरवलं. सोनूबाईनं हनुवटी धरून घास कोंबला. हातात मायेचा लवलेश नव्हता. साळूबाईनं तो तसाच गिळला.

दुसऱ्या दिवशी सोनूबाई पाण्यावर गेली असताना मागून ओरडणं ऐकू आलं. कचरू साळूबाईला काठीनं ढोसत होता. "ऊठ! ऊठ म्हणतो ना!" ती हातांवर उठू पाहत होती आणि कोसळत होती.

सोनूबाई धावली. काठीचं दुसरं टोक तिनं दोन्ही हातांनी धरलं.

"सोड!"

"न्हाई सोडत. हिला शिव्या द्यायच्या तर मी देईन, मारायचं तर मी मारीन. तू कोण रे? पुन्यांदा हात लाव, तुझा एकेक येल उपटून नदीत सोडते!"

कचरूनं तिच्या डोळ्यांत पाहिलं. ही बाई खरंच उपटेल, हे त्याला कळलं. तो काठी सोडून, थुंकून निघून गेला. ती काठी सोनूबाईनं मग उशाशीच ठेवली. वाडीतलं एक टरबूजही त्यानं त्या दोघींना दिलं नाही, आणि तिनं मागितलं नाही.

साळूबाईला घाम फुटायचा, ताप उतरायचा, पुन्हा हुडहुडी भरायची. सोनूबाई पलीकडच्या काठाकडं पाहत दात आवळून बसायची. अखेर एका सकाळी ताप आलाच नाही. साळूबाई आपल्या पायांनी नावेपर्यंत चालली. अलीमनं तिला नावेच्या टोकाला बसवलं आणि सारा वेळ तिच्याकडं पाठ केली.

पुष्पा बाजेवर होती. शेजारी चिंध्यांत गुंडाळलेली पोरगी. पुष्पाच्या गालावर वळ होता, तो तिनं पदरानं झाकला.

"आता आलीस का माय?" ती म्हणाली. "शेजारणीनं नाळ कापली. म्या तुला किती हाका मारल्या."

दारातल्या साळूबाईची नजर त्या वळावर खिळली होती. ती म्हणाली, "म्या वाटंत पडले व्हते. तुझ्या मायला म्हणलं, जा. ऐकंल तर ना ती!"

एवढं बोलून तिनं बोचकं उचललं आणि त्याच गावातल्या माहेरच्या घराची वाट धरली. सोनूबाईनं तिच्याकडं पाहिलंही नाही. नातीला कुशीत घेऊन ती पाणी तापवायला चुलीपाशी गेली.