डालग्याखाली

नम्रताने डोक्यावरचं हेल्मेटही न काढता बाहेरच्या खोलीच्या मधोमध पालथं घातलेलं डालगं दोन्ही हातांनी उचललं. कोंबड्या झाकायचं, बांबूच्या कामट्यांचं जुनं डालगं. खाली कोंबडी नव्हती. केर काढायचा रोबो होता, गोल, काळा, चपटा. त्याचा दिवा विझलेला होता आणि दिवसभर कामट्यांना धडका देऊन देऊन त्याच्या कडेला पांढरे ओरखडे उठले होते.

चपला काढून ती दोन पावलं चालली तर पायाखाली तांदळाच्या कण्या करकरल्या. सकाळी पडलेल्या कण्या. जिथे पडल्या होत्या तिथेच.

"आई, आजही?"

भागूबाई, तिच्या सासूबाई, देवापाशी वात सारखी करत बसल्या होत्या. त्यांनी मान वळवली नाही.

"दिवे लागलं. हातपाय धू आदी."

याला उत्तर म्हणायचं? नम्रताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दिवे लागले म्हणजे आता केरसुणीला हात लावायचा नाही, हा या घरातला कायदा. दिवसा मशीनला झाडू द्यायचं नाही, संध्याकाळी सुनेला झाडू द्यायचं नाही. मग राहिली कोणती वेळ? सकाळची. आणि सकाळी पाणी भरायचं, डबे करायचे, भांडी आवरायची आणि वर पुन्हा वाकून केर काढायचा, तो कोणी? सुनेनेच. असा हा सगळा न्याय होता.

खरं तर मशीन तिने मागितलंच नव्हतं. ती नवऱ्याला, नवीनला, एवढंच म्हणाली होती, की सकाळी एकदा तरी मला बसून चहा प्यायचाय. दुसऱ्या कोणी केरसुणी हातात घेतली असती. नवीनने फोन हातात घेतला. साजगावच्या कारखान्यातून आला की जेवता जेवता व्हिडिओ बघायचा. हा नुसता ओढतो, हा पुसतो पण, हा पायरीवरून पडतो, हा वायर गिळतो. बायको समोर खरकटं काढत असायची आणि हा तिला चाकांचे प्रकार समजावून सांगायचा. एका रविवारी टेप घेऊन त्याने घरातले सगळे उंबरे मोजले. पोरगी बघायला गेला तेव्हाही त्याने एवढी चौकशी केली नव्हती. शेवटी उंबरा चढणारा, हिंदीत बोलणारा हा गडी पसंत पडला.

"नमू, ही बघ गंमत," मशीन लावताना तो म्हणाला होता. "तुझा फोन घरापासून लांब गेला, की दोन मिनिटांत हा आपोआप सुरू. शेवटी तूच निघतेस ना. घरात कोणी नसताना सगळं आटपून मोकळा."

"कोनी नसताना?" भागूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. "मंग मी कोन रं? भिताड?"

नवीन हसला. नम्रताला हसू आलं नाही. ते वाक्य तिलाही टोचलं होतं.

पहिला आठवडा सोन्यासारखा गेला. भागूबाई लोधिवलीला भाचीच्या लग्नघरी होत्या. नम्रता रोज ओटीवर पाय सोडून चहा प्यायची, बशीत ओतून, सावकाश. संध्याकाळी आली की लादी आरशासारखी. मग भागूबाई परतल्या आणि दुसऱ्याच दिवशी माळ्यावरचं डालगं खाली आलं.

सुरुवातीला नम्रताने समजून घेतलं. 'भिताड' म्हणवून घ्यावं लागलं त्याचा राग असेल, जाईल चार दिवसांत. राग गेला नाही. उलट त्यात फोनची भर पडली. नम्रता कर्जतच्या लॅबमध्ये पोचून पांढरा कोट घालते न घालते तोच फोन वाजायचा.

"पोचलीस?"

"हो आई."

खट्. फोन बंद. दुसरा शब्द नाही. बरोबर काम करणाऱ्या सोनालीला ती म्हणायची, "हजेरी घेतात गं माझी. मी कामाला जाते की उंडारायला, बघतात." रक्ताच्या नळ्यांवर नावं चिकटवताना तिचे ओठ घट्ट मिटलेले असायचे.

आज मात्र डोक्यावरून पाणी गेलं. जेवायला बसल्यावर तिने मशीन उचलून नवीनच्या ताटासमोर ठेवलं. त्याने ओरखड्यांवरून बोट फिरवलं, जसं काही पोराला खरचटलंय.

"आये, अगं मशीन हाय ते. चावतंय का तुला?"

"चावत नाय. पन मला नको."

"पण का?"

"नको म्हंजे नको. त्यात काय सांगायचं?"

"बघा," नम्रता म्हणाली. "कारणसुद्धा सांगायची गरज नाही. मी वाकायचं एवढं ठरलंय." तिने हातातला भाताचा डाव पातेल्यात टाकला. "अहो, मग असं करू. कर्जतला स्टेशनजवळ फ्लॅट बघू. तिथे मशीनही राहील आणि मीही."

वेगळं राहायची गोष्ट या घरात आजवर कोणी तोंडातून काढली नव्हती. नवीन आमटीत बोट बुडवून तसाच बसला. भागूबाईंनी ताटातला भात गोळा केला, खाल्ला, ताट उचललं आणि मोरीकडे गेल्या. गुडघ्यावर हात ठेवून उठताना त्या नेहमी 'आई गं' म्हणायच्या. आज म्हणाल्या नाहीत.

"रविवारी बघून येऊ," नवीन हळूच म्हणाला.

"नक्की ना?"

"एजंटाला फोन करतो उद्या."

सकाळी कंपनीची गाडी आली आणि नवीन गेला. नम्रताने केर काढला तो असा, की केरसुणीचे हीर तुटून उडाले. चहा उभ्यानेच घशाखाली ओतला. "येते" म्हणायचं म्हणून म्हणाली आणि स्कूटरला किक मारली.

खोपोली रस्त्याला लागून थोडी पुढे गेली तेव्हा आठवलं, लॅबच्या कपाटाची किल्ली घरीच राहिली. खडीचे डंपर अंगावरून जात होते. एक एवढ्या जवळून गेला की तिची ओढणी उडाली. वाट बघून तिने स्कूटर वळवली. गल्लीच्या तोंडाशी विटांचा टेंपो आडवा होता, म्हणून स्कूटर तिथेच लावून ती चालत घरी आली.

दार उघडंच होतं. भागूबाई बाहेरच्या खोलीत फरशीवर बसल्या होत्या, दुखरा पाय लांब पसरून. डालगं पालथं होतं आणि त्यावर त्यांनी दोन्ही हातांनी भार दिला होता. आत मशीन घुरघुरत होतं, इकडून धडकत होतं, तिकडून धडकत होतं. भागूबाईंच्या बाजूला फरशीवर फोन ठेवला होता.

रंगेहाथ सापडल्या. नम्रताने पुढे होऊन डालगं खेचलं.

"सोडा ते!"

मशीन सुटलं ते थेट उंबऱ्याकडे निघालं. भागूबाईंनी पसरलेला पाय आडवा घातला. मशीन पायाला धडकलं, मागे सरलं, पुन्हा धडकलं.

"तू परत कशाला आलीस?" त्या ओरडल्या. "निघालेलं मानूस परत फिरतंय व्हय? बस खाली. पानी पी, मंग जा."

"मी पाणी प्यायला नाही आले! आई, काय वाकडं केलंय मी तुमचं? एवढा कसला राग, की मला केर काढताना बघितल्याशिवाय तुम्हाला चैन पडत नाही?"

"केर काढायला नको कोन म्हनतंय?" भागूबाईंचा आवाज चिरकला. "काढू दे की दुपारी. काढू दे दिवसभर. पन तू भाईर पाय टाकलास न् ह्यो लागला झाडायला! तुज्या पाठोपाठ! मानूस घरातनं गेल्याबरूबर केर कवा काढत्यात, म्हाईत नाय तुला? आईबापानं शिकवलं नाय?"

नम्रताला माहीत होतं. आजोबांना नेलं तेव्हा तिरडी वळणावर दिसेनाशी झाल्यावर काकूने घर झाडायला घेतलं होतं. एरवी तिच्या आईने, कोणी गावाला निघालं, की ते पोचलं असेल इतका वेळ जाऊ दिल्याशिवाय केरसुणी हातात घेतली नव्हती. कर्जतला नोकरीला लागल्यापासून हे सगळं तिच्या डोक्यातून पुसून गेलं होतं.

"असलं तोंडानं बोलू नये," भागूबाई म्हणाल्या. "बोललं की लागतं. म्हनून गप बसले. पन तू फ्लॅट काढलास, मंग काय करू? बोलले. मेलं बोलले एकदाचं." त्यांनी स्वतःच्याच तोंडावर दोन बोटं मारून घेतली.

"तू पोचलीस का इचारते, मंग डालगं उचलते. तर तवर हे रुसून बसतं. हलत नाय. कुटलं बटान दाबायचं, मला काय ठावं?"

मशीन अजून त्यांच्या पायाला धडका देत होतं. नम्रताने वाकून ते बंद केलं. खोलीत एकदम शांत झालं.

"पण आई," तिला विचारल्याशिवाय राहवेना, "हे निघतात तेव्हा तर नाही झाकत तुम्ही?"

"नवीन जातो तवा कुटं सुरू हुतंय ते?" भागूबाईंना या प्रश्नाचाच राग आला. "तुज्याच पाठीवर लावलंय ना त्यानं. येड्या डोक्याचा. बायको रोज त्या डंपरमदनं जाती, आन् हा घरात असली यवस्था करून ठेवतो."

नम्रता खाली बसली. भागूबाई उठल्या, 'आई गं' म्हणाल्या, तांब्याभांडं घेऊन आल्या. तिने पाणी प्यायलं. मग फोन काढला. नवीनने तिच्याही फोनमध्ये मशीनचं ते ॲप टाकून दिलं होतं, तिने कधी उघडून बघितलं नव्हतं. आता तिने ते उघडलं, 'आपोआप' असं जिथे होतं ते शोधून बंद केलं आणि मशीन सासूबाईंच्या पुढ्यात सरकवलं.

"हे मधलं बटण. दाबलं की चालू, परत दाबलं की बंद. आपण दाबल्याशिवाय आता ते हलणार नाही."

भागूबाईंनी बोट पुढे केलं आणि मागे घेतलं.

"आत्ता नाय," त्या म्हणाल्या. "तू जा आदी."

किल्ली घेऊन ती निघाली. उशीर झाला होता तरी स्कूटर तिने बेताने चालवली. लॅबच्या पायऱ्या चढतानाच, त्यांचा फोन यायच्या आधी, तिने फोन लावला.

"आई, पोचले."

"हं."

नेहमीसारखा फोन खट्कन बंद झाला नाही. तो बहुतेक फरशीवर ठेवला गेला. बांगड्या वाजल्या, गुडघ्याचं 'आई गं' ऐकू आलं आणि मग मशीनची घुरघुर सुरू झाली.

"आता कर," भागूबाई त्याला सांगत होत्या. "पोचली ती." थोडा वेळ नुसतीच घुरघुर. मग पुन्हा आवाज चढला, "आन् त्यो कोपरा कोन, तुजा बाप झाडनार हाय का रं?"

कानापाशी फोन थरथरला. नवीनचा मेसेज असणार, रविवारच्या फ्लॅटचा. तो वाचायचा तर फोन कानावरून काढावा लागला असता. नम्रता पायरीवरच उभी राहिली आणि ऐकत राहिली.