दिवाकरबाबू निघाले असं धरून

झाशीच्या रेल्वे वसाहतीत बकुळला एकच काम होतं : पहाटे भरला घडा घेऊन दारात उभं राहायचं. पगार नाही, सुट्टी नाही, बढतीची तर सोयच नाही.

याला कारण तिचा पायगुण. ती जन्मली त्याच दिवशी तिचे वडील जनार्दनपंत मालगाडीवरून मेलगाडीवर गार्ड म्हणून गेले. मेलचे आधीचे गार्ड त्या दिवशी पेन्शनीत निघाले होते, पण हा बारीक तपशील यमुनाआत्यांनी वगळला. यमुनाआत्या म्हणजे जनार्दनपंतांची थोरली विधवा बहीण. वसाहतीतलं शकुन-अपशकुनाचं सगळं खातं त्यांच्याकडे होतं आणि त्यांच्या निकालावर अपील नव्हतं. विधवेचं तोंड पाहून प्रवासाला निघू नये, हा नियमही त्याच सगळ्यांना सांगत, आणि तोही दारात उभ्या राहून.

गजाननकाका ड्रायव्हर तर बकुळचा घडा पाहिल्याशिवाय इंजिनाला हात लावत नसत. एकदा ती तापानं फणफणली होती, तेव्हा खाटेसकट आणि घड्यासकट तिला दारात आणून ठेवलं. गाडी वेळेवर सुटली. बकुळचा ताप चढला, पण तो पायगुणात धरत नाहीत.

शिवाय प्रस्थानं होती. रीत जुनी आहे. प्रवासाचा मुहूर्त एका वेळी आणि निघणं दुसऱ्या वेळी असं झालं, तर मुहूर्तावर आपलं एखादं वस्त्र, त्यात हळकुंड-सुपारी, असं गाठोडं बांधून वाटेवरच्या घरी ठेवायचं. गाठोडं ठेवलं की माणूस निघाला असं धरतात. मग तो मागाहून सोयीनं जाईना का. ही रीत मुळात रेल्वेवाल्यांसाठीच निघाली असावी, कारण ड्यूटी लावणारा साहेब पंचांग बघत नाही. जनार्दनपंतांचं घर स्टेशनच्या वाटेवरचं शेवटचं, त्यात बकुळचं. त्यामुळे सगळ्यांची गाठोडी त्यांच्याच ओसरीवर. कधीही बघा, चार-दोन माणसं तिथून निघालेली असत आणि आपापल्या घरी घोरत असत.

अशा घरातल्या मुलीनं दिवाकरकडे बघू नये, एवढं कुणालाही कळलं असतं.

दिवाकर बुकिंग क्लार्क. भुसावळकडचा, एकटा राहणारा. तो पांढऱ्या पायाचा आहे हे वसाहतीला कळलं ते बोलपटामुळे. बोलपट तेव्हा नवे होते. दतिया दरवाज्याकडचा एक फिरता सिनेमावाला मैदानात पडदा लावून बसला. गोष्ट मजेची होती : एक नशीबवान मुलगी, एक कमनशिबी मुलगा, त्यांचं प्रेम आणि मधे नुसता गोंधळ. शेवटी मुलगा तिचा हात धरणार, इतक्यात ड्यूटी आटपून दिवाकर आला आणि मागच्या बाकावर टेकला. खाड्कन फीत तुटली. तशी ती संध्याकाळपासून तुटतच होती, पण आधीच्या वेळी कुणी बाकावर टेकलं नव्हतं.

तेव्हापासून लोक त्याच्या खिडकीवर तोंड फिरवून तिकीट मागू लागले. भिंतीकडे तोंड करून मागितलेलं तिकीट नीट ऐकू येत नाही, त्यामुळे एखादा माणूस भलत्याच गावी पोचायचा, आणि दिवाकरचा पाय आणखी पांढरा व्हायचा.

बकुळ एकदा प्लॅटफॉर्म तिकीट काढायला गेली आणि तिनं सरळ त्याच्या तोंडाकडे बघून विचारलं, "दिवाकरबाबू, त्या बोलपटाचा शेवट काय असेल हो?"

"मला काय ठाऊक? मी आलो तेव्हा शेवट निघून गेला होता."

"लोक बोलतात त्याचं वाईट वाटून घेऊ नका."

"कशाला वाटेल? पहाटे मला कुणी उठवत नाही. बारशाला नको, मुंजीला नको, गाडी सुटताना तर समोरच नको. निवांत आहे मी."

बकुळ त्याच्याकडे बघत राहिली. याला लोक प्रेम म्हणतात. सुरुवातीला तो निव्वळ हेवा होता.

पुढे ती प्लॅटफॉर्म तिकिटं इतकी काढू लागली की जनार्दनपंतांनी एकदा विचारलं, "बकुळ, प्लॅटफॉर्मवर आहे काय?" ती म्हणाली, "गाड्या." गार्ड माणूस, त्यांना हे पटलं. दिवाकरबद्दल त्यांचं मत वाईट नव्हतंच. पत्त्यांत न चुकता हरणारा भिडू वसाहतीत तो एकटाच होता.

घोळ झाला तो गुरसरायहून. तिथल्या एका जुन्या मराठी घराण्यातल्या इंदुमतीबाईंनी आपल्या विश्वंभरसाठी बकुळला मागणी घातली. घराण्याचा भाऊबंदांशी एका विहिरीवरून पणजोबांच्या वेळेपासून दावा चालू होता. त्यांना सून नको होती, वकील हवा होता. पण वकील लग्न करून घरात येत नाही.

"पाय दाखव बेटा," इंदुमतीबाई बघण्याच्या वेळी म्हणाल्या. तोंडाकडे त्यांनी पाहिलंच नाही. "हौ, छान आहेत. हे पाय अदालतीच्या पायरीवर पडले की बस."

विश्वंभर तेवढ्या वेळात एकच वाक्य बोलला. "पाणी मात्र गोड आहे तिचं." ते विहिरीबद्दल होतं.

बकुळला दिसलं की पहाटेचा घडा काही सुटत नाही, फक्त गाव बदलतंय. आणि तिथे प्लॅटफॉर्मही नसणार.

इकडे वसाहतीनं वर अर्ज करून दिवाकरची बदली मिळवली. कानपूरच्या वाटेवरच्या मोठ या गावी, जिथे धान्याची मंडी आहे आणि लोकांना अपशकुनाला वेळ नाही. आता बदली झाली तरी बदलीवर येणारा क्लार्क हजर झाल्याशिवाय जुन्याला खिडकी सोडता येत नाही. तो क्लार्क येईना. यमुनाआत्यांना धीर निघेना.

"त्याचं प्रस्थान ठेवा," त्या म्हणाल्या. "आजच. ज्येष्ठातला मुहूर्त आहे. म्हणजे तो गेला असं धरता येईल."

"पण आत्याबाई, ठेवायचं कुणाकडे?" गजाननकाकांनी विचारलं. "माझ्याकडे नको. माझ्या म्हशीचे दिवस भरलेत."

कुणीच घेईना. बकुळ चुलीपाशी बसून ऐकत होती. ती हळूच म्हणाली, "आपलं घर आहे ना वाटेवर."

आत्या घुटमळल्या. मग म्हणाल्या, "हिचा पायगुण दांडगा आहे. पचवील."

बाई आयुष्यात एकदाच चुकल्या ती ही चूक. दिवाकरनं धोतराचं गाठोडं ओसरीवर आणून ठेवलं, आत्यांनी त्यावर लांबूनच अक्षता फेकल्या, आणि दिवाकर झाशीहून निघाला असं धरून तो परत खिडकीत जाऊन बसला.

आता आली पंचाईत. शास्त्राप्रमाणे तो गेलेला. गेलेल्या माणसाशी बोलायचं कसं? दुसऱ्याच दिवशी आत्यांना ललितपूरला जायचं होतं. त्या बकुळला घेऊन खिडकीवर उभ्या राहिल्या.

"खिडकीत कुणी आहे का गं?" त्यांनी बकुळला विचारलं.

"आहे," आतून दिवाकर म्हणाला.

"नाही म्हणावं त्याला."

"बरं, नाही," दिवाकर म्हणाला.

"मग ललितपूरचं एक तिकीट घे बकुळ, आणि चल."

असं सुरळीत चालू झालं. गेलेल्या माणसाचा अपशकुन होत नसल्यामुळे दिवाकर आता कुठेही फिरे. वसाहतीत सत्यनारायणाला गेला, दोनदा शिरा घेतला. गाडी सुटताना इंजिनासमोर उभा राहून गजाननकाकांना हात करायचा. काका त्याच्या आरपार बघायचे.

फक्त एक झालं. गाड्या उशिरा येतच राहिल्या. वसाहतीच्या विहिरीचा दोर तुटला. गजाननकाकांची म्हैस व्याली आणि रेडा झाला. पूर्वी असलं काही झालं की सगळे दिवाकरचं नाव घेऊन मोकळे होत. आता घ्यायचं कुणाचं? तो तर गावात नाही. वसाहत अगदी पोरकी झाली.

काका घुश्शातच ओसरीवर आले. "बकुळ, तुझा घडा बघून निघालो आणि वाटेत इंजिनानं दम टाकला. आजवर असं झालं नव्हतं."

असं महिन्यातून दोनदा व्हायचं. पण बकुळनं तसं म्हटलं नाही. तिनं ओसरीच्या कोपऱ्याकडे पाहिलं आणि एक सुस्कारा सोडला.

"काय गं?"

"काही नाही काका. गाठोडं आमच्याकडे आहे ना. मी रोज त्याच्याशेजारूनच घडा भरून आणते."

काका पायरीवरून दोन पावलं मागे सरले. तिन्हीसांजेपर्यंत सगळ्या वसाहतीला कळलं की दिवाकरचा पाय बकुळला लागला.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिला कुणी उठवलं नाही. उन्हं अंगावर आली तेव्हा ती जागी झाली, आणि नशीब फुटणं इतकं सुखाचं असतं हे तिला पहिल्यांदा कळलं.

गुरसरायला बातमी पोचायला वेळ लागला नाही. इंदुमतीबाई टांग्यातून उतरल्याच नाहीत. "कालच विहिरीची तारीख पुढे ढकलली," त्या टांग्यातूनच म्हणाल्या. "हिच्याकडे गाठोडं कधीपासून आहे?"

"झाले बरेच दिवस," बकुळ नम्रपणे म्हणाली. "हात लावून बघता का?"

टांगा वळला. तारीख पणजोबांपासून पुढेच ढकलली जात होती, पण आता निदान तिला कारण मिळालं. टांगा दिसेनासा होईपर्यंत आत बसलेला विश्वंभर मागे वळून बकुळच्या तोंडाकडे बघत होता. बहुधा पहिल्यांदाच.

यमुनाआत्या अंथरुणाला खिळल्या. वसाहतीचा एकुलता एक शुभशकुन त्यांच्या घरातून गेला होता. गाठोडं हलवायचं तर हलवायचं कसं? परत दिवाकरच्या खोलीवर नेलं तर तो परत आला असं होतं. फेकून द्यावं तर माणूस जिवंत. ते फक्त पुढे जाऊ शकत होतं.

शेवटी तो बदलीवरचा क्लार्क आला. आत्यांनी धोरण सोडून सरळ दिवाकरला बोलावून घेतलं. "ऊठ आणि घेऊन जा तुझं गाठोडं."

दिवाकर दारातच उभा राहिला. "आत्याबाई, मी तर कधीच निघालो. निघालेला माणूस मागे वळून सामान उचलत नाही, हे तुम्हीच शिकवलंत. कुणीतरी मागाहून आणून पोचवायला हवं."

"कोण आणणार?"

"ज्या घरी ठेवलं त्या घरचं माणूस. पंत तर गाडीच्या ड्यूटीवर असणार. तुम्ही आजारी."

ओसरीवरचे सगळे बकुळकडे बघू लागले. बकुळ तांदूळ निवडत होती, आणि त्या दिवशी तिनं खडे ठेवून तांदूळच फेकले असणार. आत्यांनी नाही म्हटलं की संपलं. उद्याच्या गाडीनं हा जाणार, आणि वर्षभरात गाठोड्याचा प्रभाव ओसरून पहाटेचा घडा परत डोक्यावर.

"तरणीताठी पोरगी एकटी परक्या पुरुषामागे गाठोडं घेऊन कशी जाईल?" आत्या म्हणाल्या.

"नाहीच जाणार," जनार्दनपंत पत्ते पिसत म्हणाले. "परका नसला तर गोष्ट वेगळी."

आत्यांनी डोळे मिटले. त्या आपल्या खात्यातले सगळे नियम आठवत होत्या, आणि एकही नियम त्यांच्या बाजूनं उभा राहीना. "पण आषाढ लागलाय," त्या शेवटी क्षीण आवाजात म्हणाल्या. "मुहूर्त नाही."

"गाठोडं मुहूर्तावरच ठेवलंय ना, आत्या?" बकुळ सुपातून मान वर न करता म्हणाली. "त्यातच बसवा की."

बसवलं. लग्न दोन दिवसांत उरकलं आणि ज्येष्ठातल्या मुहूर्तावर झालं असं धरलं.

निघायच्या दिवशी सगळी वसाहत प्लॅटफॉर्मवर लोटली, गाठोडं खरंच जातंय ना हे डोळ्यांनी बघायला. बकुळ ते मांडीवर घेऊन डब्यात बसली. गाडी गजाननकाकांचीच. सिग्नल पडला. गार्डाच्या डब्यातून जनार्दनपंतांनी शिट्टी फुंकली, हिरवं निशाण हलवलं. काकांनी इंजिनाच्या दांड्यावर हात ठेवला.

आणि यमुनाआत्या शिंकल्या.

एकच शिंक, पण खणखणीत. काकांनी दांड्यावरचा हात काढून घेतला. सामान चढवणारे हमाल थांबले. खुद्द आत्या आपल्या नाकाकडे अविश्वासानं बघत होत्या. निघताना शिंक झाली की निघायचं नाही, हा त्यांचा पहिलाच नियम. आज गाडी राहिली की मुहूर्ताचा हिशेब मोडणार, गाठोडं परत घरी येणार, आणि मग कुणाचं कोण धरायचं हे आत्यांनाही सांगता आलं नसतं.

बकुळनं खिडकीतून मान बाहेर काढली.

"आत्या, आम्ही तर ज्येष्ठातच निघालो," ती म्हणाली. "ही शिंक जे मागे राहिलेत त्यांना."

आत्यांनी क्षणभर विचार केला. मग त्यांचा चेहरा पडला, कारण ते बरोबर होतं. शेजारची माणसं हळूहळू त्यांच्यापासून बाजूला सरकू लागली. काकांनी ते वाकून पाहिलं, आपण निघणाऱ्यांत आहोत याची खात्री केली आणि घाईघाईनं दांडा ओढला.

स्टेशन मागे पडलं. दिवाकर म्हणाला, "त्या बोलपटाचा शेवट हाच असेल का हो?"

"यात हात धरल्याचं काही दिसलं नाही," बकुळ म्हणाली.

त्यानं हात धरला. त्याबरोबर गाडीनं एक गचका दिला, कुरकुरली, आणि भर माळावर उभी राहिली. कारण कुणालाच कळेना. गजाननकाकांच्या ओरडण्याचा आवाज पुढून येत होता.

"माझ्यामुळे," दिवाकर म्हणाला.

"वा," बकुळ म्हणाली. "आता मान माझा आहे."

"बुकिंगला मी इतकी वर्षं काढली—"

"आणि गाठोडं कुणी सांभाळलं?"

दोघंही हटेनात. गाडी कधी सुटली हे त्यांना कळलंही नाही, आणि मोठ आलं तेव्हा भांडण अर्ध्यावरच होतं.