रेंज नव्हती, दादा

वेल्क्रोची पट्टी तिने पुन्हा एकदा अंगठ्याने दाबली, या टोकापासून त्या टोकापर्यंत — मेणात दातांची रांग बसवताना दाबते तशीच — आणि तरीही कुठेतरी फट राहिलीच असणार असं वाटत राहिलं. चष्म्याच्या घरापेक्षा जरा मोठं, सिग्नल अडवणारं राखाडी पाकीट. आत फोन, चालू, पण जगाच्या लेखी गायब.

दुकानदाराने तीन-चार प्रकार पुढे टाकले होते. पारदर्शक खिडकी असलेलं देखणं होतं, पण आत ठेवून रिंग दिली तर फोन वाजला. मग हे साधं घेतलं, तर हेही खुशाल वाजलं. तो हसला, ‘ताई, तोंड दोनदा दुमडायचं. एकदा दुमडून हे ऐकत नाही.’ दोनदा दुमडल्यावर मात्र संपर्कक्षेत्राच्या बाहेर. ‘गाडीच्या किल्लीसाठी का?’ हो म्हणाले मी. मला कुठली गाडी! खोटं बोलून किती हलकं वाटलं, याचीच नंतर भीती वाटली.

बाबा गेल्यापासून दादाच्या फोनमधल्या नकाशावर ती एक निळा ठिपका आहे. ठिपका वाटेत रेंगाळला की फोन — ‘कुठे थांबलीस गं? काही नाही, काळजी वाटली.’ आणि त्याला ती खरंच वाटते, हीच तर पंचाईत. वाईट असता तर भांडता आलं असतं. तापात उशाशी बसून राहणारा, आपल्या आधी तिला वाढणारा दादा … त्याच्याशी कुठल्या तोंडाने भांडायचं? पण कवळ्या बनवायची तिची लॅब तळघरात. तिथे रेंज अधूनमधून जातेच, त्याला सवय आहे. म्हणून तिने फोन तिथेच, कामाच्या टेबलाशी, पाकिटात घातला आणि मग पाकीट पर्समध्ये टाकून भाड्याची खोली बघायला बाहेर पडली. नकाशावरचा ठिपका बिचारा तिथेच, प्लास्टरच्या जबड्यांमध्ये बसून राहिला.

खोली चांगली होती. मोठी खिडकी, जरासा गळका नळ, भिंतीवर कुणीतरी काढून नेलेल्या कपाटाचा फिकट चौकोन. घरमालकीणबाई म्हणाल्या, ‘आजच काय ते सांगा, दुसरेही बघून गेलेत. एकट्याच राहणार?’

‘हो.’

‘शांत आहे हं फार. इथे कुणी विचारायला येत नाही.’

हेच तर हवं होतं … बाई जिन्याकडे वळल्या आणि तिचा हात पर्समध्ये गेला. दादाने लॅबमध्ये फोन केला असेल तर? ती तिथे नाही असं कळल्यावर तो तसाच निघाला असेल, जेवण अर्धं टाकून … पाकीट नीट बंद आहे ना, एवढंच बघायचं होतं. एवढंच, असं ती स्वतःला बजावत होती तोवर पट्टी चर्रर्र करून उघडलीसुद्धा.

रेंजच्या काड्या एकेक करून उभ्या राहिल्या. आता ठिपका उडी मारून या अनोळखी गल्लीत येणार. झालं. दोनदा दुमडून, अंगठा दुखेपर्यंत दाबून, शेवटी मीच उघडलं.

ती थांबली. नळ टपकत होता. येऊन गेलेला फोन नाही, मेसेज नाही, काहीच नाही. आणि मग आत्ता कुठे तिच्या लक्षात आलं — ‘कुठे थांबलीस’ हे दादाने विचारल्याला किती दिवस झाले … ठिपका वाटेत थांबलेला दिसू नये म्हणून रोज भराभर पावलं उचलत होते मी, ती कुणासाठी? मोकळं वाटायला हवं होतं. रागच आला. आणि रागाच्या तळाशी, लपाछपीत आपल्याला शोधायला कुणी आलंच नाही की वाटायचं, तसं काहीतरी.

‘मग, काय ठरतंय?’ बाईंनी दारातून विचारलं.

‘सांगते,’ ती म्हणाली. ‘एक फोन यायचाय.’

पाकीट तोंड उघडं टाकून खिडकीत पडलं होतं. तिने फोन तळहातावर उताणा धरला आणि आता वाजेल, आता वाजेल, म्हणून कानात प्राण आणून उभी राहिली.