नावाला लावलेलं कुलूप

"पासवर्ड? तो कशाला हवाय तुला?" कुलूपकाकांनी कानस खाली ठेवली आणि चष्म्यावरून सुनेकडे पाहिलं.

"बाबा, आपल्या वेबसाइटचं नाव संपतंय. आईंनी पाच वर्षांसाठी घेतलं होतं ना, ती पाच वर्षं या महिन्यात भरतात. द्या, पाच मिनिटांत करते."

"नाव कधी संपतं होय? नाव म्हणजे काय साबण आहे?"

सून हसली नाही. गुपचूप डबा ठेवून घरी गेली, आणि घरी गेल्यावर तिनं बेल वाजवली असणार. लग्न होऊन चार वर्षं झाली, मुलगा नोकरीपायी सदा परगावी. पण घराची किल्ली काही सासऱ्यांनी तिच्या हाती दिली नव्हती. बाहेर पडताना दार उघडायला ती शेजारणीला आत बसवून जायची; शेजारणीला वेळ नसला की दार नुसतं ओढून घ्यायची आणि परतल्यावर काका येईपर्यंत पायरीवर बसून राहायची.

काकांचं तोंड कधी दुधानं पोळलं नव्हतं, तरी ताक फुंकून प्यायची त्यांना जन्माची खोड. धंदाच तसा, असं ते म्हणत. कुलपं दुरुस्त करणाऱ्यानं विश्वास ठेवला तर लोकांनी कुलपं घ्यायची कशाला?

ती वेबसाइट मात्र त्यांच्या बायकोची करामत. किल्लीला पितळेचा बिल्ला, बिल्ल्यावर एक नंबर आणि वेबसाइटचं नाव. घराचा पत्ता नाही की मालकाचं नाव नाही. हरवलेली किल्ली ज्याला सापडेल त्यानं वेबसाइटवर नंबर टाकायचा, की दुकानात निरोप यायचा. मग काका तिजोरीतली वही उघडून मालकाला फोन करायचे. निम्म्या गावाच्या खिशात ते नाव खुळखुळत होतं. बायको जाऊन तीन वर्षं झाली, पण बिल्ले ठोकणं थांबलं नव्हतं.

नाव घेतलं त्या दिवशी तिनं त्यांना कॉम्प्युटरसमोर बसवलं होतं. नावाशेजारी एक छोटं हिरवं कुलूप दिसत होतं.

"हे कशाला?"

"आपल्या परवानगीशिवाय नाव कुणाला हलवता येऊ नये म्हणून."

त्या सगळ्या पसाऱ्यात काकांना एवढंच कळलं, आणि ते कायमचे निश्चिंत झाले. कुलूप आहे ना? मग कोण माईचा लाल नेतोय!

शिवाय बायकोनं बजावलं होतं, "मुदत संपतेय म्हणून खोटे मेल येतील. त्यांना बोट लावू नका." काकांनी ती आज्ञा अक्षरशः पाळली. मुदतीचा मेल दिसला की पुसला. त्यांत चार खरे होते.

एक दिवस वेबसाइट उघडेना. काकांनी दुकानातूनच फोन लावला.

"केलीस ना बंद? पासवर्ड नाही दिला म्हणून?"

"मी कशी बंद करीन?" सुनेचा आवाज चढला. "बाबा, अजून वेळ गेलेली नाही. थोडे दिवस नाव राखून ठेवतात. मला पासवर्ड सांगू नका, तुम्हीच टाका. मी नुसती शेजारी बसते."

"आणि बोटं कुठं पडतात ते बघतेस."



"मी तुमच्या घरात राहते हो बाबा."

"राहतेस ना? मग झालं तर."

बोलून गेल्यावर त्यांनाही ते बरं वाटलं नाही. पण संशयाला एकदा पाय फुटले की तो थांबतो थोडाच? त्याच दुपारी त्यांनी तिजोरीचं कुलूप बदललं.

दोन-अडीच महिन्यांनी एक शिक्षिका दुकानात आल्या. हातात बिल्ल्याची किल्ली.

"काका, ही शाळेच्या फाटकाशी सापडली. पण तुमची वेबसाइट बदललीत का? पूर्वी नुसता नंबर विचारायची. आता विचारते, किल्ली कुठल्या घराची, घर कुठं आहे, तुमचा फोन काय. मला काही ते ठीक वाटेना, म्हणून आलेच."

काकांनी त्यांचा मोबाइल डोळ्यांजवळ धरला. नाव तेच होतं, अक्षरन् अक्षर तेच. खालचं सगळं परक्याचं. ते स्टुलावर बसले आणि त्यांनी सुनेला बोलावून घेतलं.

"कुलूप होतं ना गं त्याला? तोडलं कसं?"

सुनेनं मोबाइल पाहिला.

"तोडलं नाही, बाबा. नाव भाड्यानंच मिळतं. मुदत संपली, आपण पुढचं भाडं भरलं नाही, राखून ठेवायचे दिवसही गेले. मग दुसऱ्यानं घेतलं. कुलपाला कुणी हातसुद्धा लावला नाही."

"आता परत?"

"नाही मिळायचं."

आता तरी ती टोमणा मारील म्हणून काका वाट बघत होते. तिनं पाण्याचा ग्लास पुढं केला. त्यांना भयंकर लाज वाटली. चाळीस वर्षं दुसऱ्यांची दारं राखली, आणि स्वतःचं दार सताड उघडं टाकून घरातल्याच माणसावर पहारा केला.

दुसऱ्या दिवशी दुकानावर पाटी लागली, 'आमचं नाव असलेली किल्ली घेऊन या. नाव घासून देऊ.' तिजोरीतली वही काकांनी सुनेपुढं ठेवली. ती एकेकाला फोन करून सांगे, "त्या वेबसाइटवर काही लिहू नका हं." लोक येत, कुरकुरत, थांबत. काका घासत. ती अक्षरं बायकोनं निवडली होती, ठसाही तिनंच करून आणला होता. पितळेचा भुगा मांडीवर पडत होता, तो झटकायला त्यांचा हात होत नव्हता.

पाचव्या दिवशी त्यांनी स्वतःच्या घराची किल्ली काढली. तिच्या बिल्ल्यावरचं नाव घासलं. मग तिच्यावरून दुसरी किल्ली कापली आणि सुनेपुढं सरकवली.

तिनं ती उलटून पाहिली. "हिला नंबर?"

"कशाला? हरवलीस तर मला सांग."

संध्याकाळी ते आधी घरी आले आणि दार लावून बसले. कान दाराकडे होता. बेल वाजली नाही. कुलपात किल्ली शिरली, जरा अडली, मग फिरली.

"जरा जड जातेय का गं?" त्यांनी आतूनच विचारलं. "उद्या घासून देतो."