दोन दिवसांची सुट्टी

वेदवतीला दोन दिवस तरी विश्रांती मिळावी, ही कल्पना विजयेंद्रची.

विजयेंद्र, वासुदेवराव आणि हयग्रीव हे तिघे मराठी घरांतले, पण कन्नड मुलखात, चामराजपुरमच्या एकाच गल्लीत वाढले, एकाच शाळेत शिकले, आणि नोकऱ्या संपल्यावर पुन्हा त्याच भागात येऊन राहिले. हयग्रीवने पस्तीस वर्षं गणित शिकवलं. गेली तीन वर्षं मात्र त्याची आठवण विरत चालली होती. आधी किल्ल्या विसरल्या, मग माणसांची नावं, मग घरचा रस्ता. त्याची बायको वेदवती या तीन वर्षांत एका रात्रीसाठीसुद्धा घर सोडून गेली नव्हती. कोपऱ्यावर भाजीला जायची तीही बाहेरून कडी लावून.

वासुदेवरावांच्या मुलाने पिरियापट्टणजवळ थोडी जमीन घेऊन दोन खोल्या बांधल्या होत्या. शनिवार-रविवार तिथे जायचं ठरलं, तेव्हा विजयेंद्र वेदवतीकडे गेला.

"वैनी, हयाला आम्ही घेऊन जातो. तुम्ही सुम्ने, नुसता आराम करा दोन दिवस. काही करू नका."

"भावजी, वाटतं तितकं सोपं नाही हो ते."

"अहो, साठ वर्षांचा दोस्त माझा. मला जमणार नाही?"

मग तिने वहीचा कागद फाडून त्यावर सगळं लिहून दिलं. गोळ्या कधी, कपडे कुठल्या पिशवीत. शेवटच्या ओळीखाली दोन रेघा मारल्या होत्या : दर दोन तासांनी बाथरूमला न्यायचं. विचारलं तर नको म्हणतील, तरी न्यायचं.

विजयेंद्रने कागद घडी करून खिशात ठेवला.

शनिवारची सकाळ फार छान गेली. हुणसूरला इडली खाल्ली. गाडीत हयग्रीव रस्त्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचत होता. मध्येच त्याने सतराची मग्गी म्हणून दाखवली, कन्नडमधला तो शाळेतला पाढा, एकदाही न अडखळता. वासुदेवरावांनी टाळी वाजवली. विजयेंद्रला वाटलं, वैनी उगाच घाबरतात. याला माणसांत आणायला हवं होतं, बस्स, एवढंच.

शेतावर फणसाच्या झाडाखाली खुर्च्या टाकल्या. शेजारच्या मळ्यात तंबाखू वाळवायची भट्टी पेटली होती, तिचा गोडसर धूर येत होता. जेवणं झाली, पत्ते निघाले. हयग्रीवला पत्ते आता जमत नव्हते, पण तो बाजूला बसून हसत होता. अधूनमधून विचारायचा, "वेदा कुठेय?"

"येईल रे," विजयेंद्र पत्त्यांतून मान वर न काढता म्हणायचा.

असा किती वेळ गेला कोण जाणे. विजयेंद्रने वर पाहिलं तेव्हा हयग्रीव फाटकाशी उभा होता आणि कडी खडखडवत होता. विजयेंद्र धावत गेला, त्याचा दंड धरला.

"हया, कुठे निघालास?"

हयग्रीव वळला. त्याच्या डोळ्यांत नुसती भीती होती.

"नीवु यारु?" तो म्हणाला.

तुम्ही कोण? साठ वर्षं मराठीत अरे-तुरे करणारा माणूस, एखाद्या परक्याला विचारावं तसं कन्नडमध्ये, आदराने विचारत होता.

"कै बिडी. नन्न कै बिडी," हयग्रीव हात सोडवून घेत रडवेल्या आवाजात म्हणाला. आणि तिथेच, उभ्या उभ्या, त्याची पँट खराब झाली.

तेव्हा कुठे विजयेंद्रला खिशातला कागद आठवला. सकाळपासून एकदाही त्याने हयग्रीवला नेलं नव्हतं.

दोघांनी मिळून त्याला कसंबसं बाथरूमपर्यंत आणलं. आत गेल्यावर हयग्रीवने नळ घट्ट धरला आणि कोणाला अंगाला हात लावू देईना. विजयेंद्रने बटणाला हात घातला, तसा त्याने फाडकन मुस्काटात मारली. पण त्या चपराकीचं विजयेंद्रला काही वाटलं नाही. त्याला सहन झाला नाही तो वास. नाक दाबून तो बाहेर आला. स्वतःच्या मुलांचंसुद्धा त्याने कधी काही केलेलं नव्हतं. आता मित्र आत तसाच थरथरत उभा होता आणि हा दाराबाहेर भिंतीला टेकून.

"वैनींना फोन कर," वासुदेवराव हळूच म्हणाले. त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले, त्यांना खाली वाकताही येत नव्हतं.

"नको. थोडं थांबू."

अर्धा तास थांबून शेवटी त्याने फोन लावलाच. वेदवतीने एवढंच विचारलं, "पडले तर नाहीत ना?" मग म्हणाली, "आतून कडी लावू देऊ नका. मी निघते."

टॅक्सी आली तेव्हा उन्हं कलली होती. वेदवती उतरली आणि विजयेंद्रने मान खाली घातली. तिच्या डोक्याला तेल थापलेलं होतं. केस वर गुंडाळून पिन लावली होती, आणि मानेवरून ओघळलेलं तेल ब्लाउजच्या पाठीवर पसरलं होतं.

ती आत गेली. दाराआडून तिचा आवाज येत राहिला, अर्धा कन्नड, अर्धा मराठी. "कै एत्ती... हात वर. हां, अस्सं. आता हा पाय. झालं हं, झालं." हयग्रीवचा आवाज येईनासा झाला. थोड्या वेळाने तो बाहेर आला, धुतलेल्या कपड्यांत, भांग पाडलेला. विजयेंद्रकडे बघून पाहुण्याला विचारावं तसं म्हणाला, "ऊट आयता?" जेवलात का?

"झालं," विजयेंद्र म्हणाला.

वेदवती मागच्या दगडावर कपडे धूत होती, तिथे तो गेला. तिने त्याला बादलीला हात लावू दिला नाही.

"माझं चुकलं, वैनी."

"तुम्ही गेल्यावर तासभर मी नुसती बसून होते," कपडा पिळत ती म्हणाली. "काय करावं तेच सुचेना. मग झोपले. उठून डोक्याला तेल लावलं, पाणी तापत ठेवलं..." तिने पुढचा कपडा उचलला. "असू दे."

"मी येत जाईन. दर आठवड्याला. खरंच सांगतो."

"नका असं म्हणू, भावजी." पहिल्यांदाच तिचा आवाज कापला. "येतो म्हटलं कोणी, की मी वाट बघत बसते. माझा मुलगाही म्हणतो, भाऊही म्हणतो. ते वाट बघणं आता मला झेपत नाही."

हयग्रीवला घेऊन ती त्याच टॅक्सीने परत गेली. मागे राहिलेल्या दोघांनाही तिथे राहवलं नाही. अंधार पडायच्या आत तेही निघाले.

मंगळवारी सकाळी, न कळवता, विजयेंद्र तिच्या दारात जाऊन उभा राहिला. "वैनी, ह्याला अंघोळ कशी घालायची ते शिकवा," म्हणाला.

पहिले पाच मंगळवार तो नुसता हाताखाली राहिला. पाणी पायांपासून वर घ्यायचं, डोक्यावर एकदम ओतायचं नाही. मांडीवर टॉवेल राहू द्यायचा. सुरुवातीला वासाने तो नाक दाबायचा, मग तेही थांबलं. सहाव्या मंगळवारी वेदवती तीन तास बहिणीकडे जाऊन आली.

पण हयग्रीव आता भराभर उतरणीला लागला होता. दिवाळीत हाताने जेवणं सुटलं. संक्रांतीनंतर बोलणंही सुटलं. विजयेंद्र त्याच्या अंगावर पाणी घालताना एकटाच बोलत राहायचा, शाळेतलं, गल्लीतलं, काहीही. हयग्रीव भिंतीकडे बघत बसायचा.

दर मंगळवारी बारा वाजता वेदवती परतायची आणि उंबऱ्यातूनच, चपला काढण्याआधी, विचारायची, "काही बोलले?"

विजयेंद्र नकारार्थी मान हलवायचा.

"सरी, बरं," ती म्हणायची, आणि पिशवी ठेवून आत जायची.