रोझलिंडच्या मागची घंटा

एनिडबाईंनी एकाहत्तराव्या वर्षी लग्न करायचं ठरवलं, तेव्हा सॉल्टरबी गावात कुणी नाक मुरडलं नाही. नवरदेव पीट म्हणजे ट्युलिपचे कंद लावायला तरुणपणी हॉलंडहून आलेला आणि कंदांसारखाच इथल्या मातीत रुजलेला एक विधुर. बाईंनी त्याला एकच अट घातली होती: "लग्नाला आपल्या चर्चच्या सहाही घंटा वाजल्या पाहिजेत." चाळीस वर्षं बाईंनी दिवसा शाळेत शिकवलं आणि संध्याकाळी घंटाघरात. गावातल्या प्रत्येक नवरीसाठी त्यांनी दोर ओढला होता. आता एकदा त्यांच्यासाठी कुणीतरी ओढावा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

तारीख त्यांनी नाताळातच धरली होती, पंचवीस जून, शनिवार. सरकारने आपली तारीख नंतर जाहीर केली, तीही बाईंना न विचारता. युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं, यावर ब्रिटनने गुरुवारी, तेवीस जूनला मत द्यायचं होतं.

आता ह्या घंटांची रीत सांगायला हवी. एका घंटेला एक माणूस, एक दोर. गाणं वाजवायचं नसतं. पहिली घंटा झाली की दुसरी, मग तिसरी, अशी सहावीपर्यंत, आणि न थांबता पुन्हा पहिली. सगळी कला एवढीच, की आपल्या पुढच्याच्या हातांवर नजर ठेवायची आणि त्याच्या मागोमाग आपला दोर ओढायचा. पुढचा कोण आहे, काय विचारांचा आहे, हे गावाने चारशे वर्षांत कुणाला विचारलं नव्हतं.

विचारलं ते क्लिफर्डने, लग्नाला अडीच आठवडे उरले असताना, बुधवारच्या सरावाला.

क्लिफर्ड फुलकोबीचा शेतकरी. रोझलिंड औषधांचं दुकान चालवणारी. दोघंही बाईंच्या पहिल्या वर्गातले, एकाच बाकावरचे, आणि छप्पन्न वर्षांचे झाले तरी अजून "बाई" म्हणूनच हाक मारणारे. त्या दिवशी क्लिफर्डच्या कोटावर "बाहेर पडा" असा बिल्ला होता, रोझलिंडच्या कोटावर "राहा" असा. रोझलिंडची घंटा तिसरी. क्लिफर्डची तिच्या लगेच मागे.

"ही काय, देश विकायला निघालेली बाई," क्लिफर्ड दोर न धरताच म्हणाला. "हिच्या मागोमाग मी जाणार नाही."

"मला तरी शेपूट कुठे हवंय?" रोझलिंड म्हणाली. "तुझी कोबी कोण काढतं रे शेतातून? लिथुएनियाची पोरं! ती गेल्यावर तू काढ, वाकून. वाकता येतं का बघ आधी."

"माझ्या कोबीचं नाव काढू नकोस!"

"कोबीचं कुठे काढलं? कंबरेचं काढलं."

सर्वांत मोठी घंटा वाजवणारी विनिफ्रेड, गावची बेकरीवाली, क्लिफर्डच्या बाजूची होती. तिने बाह्या सरसावल्या. शाळेतून निवृत्त झालेला बेसिल रोझलिंडच्या बाजूचा. तो म्हणाला, "मी लोकशाहीचा आदर करतो, पण हे गाढव आहे." मग कुणी कुणाला गाढव म्हटलं यावर वेगळं भांडण झालं, आणि घंटा न वाजताच सराव संपला.

बाईंनी दुसऱ्या दिवशी शेजारच्या मार्शविक गावाला फोन लावला. तिथले दोघं येऊन नवरा-नवरीच्या जागी वाजवणार होते.

"बाई, माफ करा," तिकडून उत्तर आलं. "आमचे सहा जण अकरा दिवस झाले एकमेकांशी बोललेले नाहीत. चहाच्या किटल्यासुद्धा आता दोन आहेत."

बाईंनी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. पीट बटाटे सोलत होता.

"पीट, आपल्या लग्नाला घंटा आपल्यालाच वाजवाव्या लागणार."

"बरं," पीट म्हणाला. नाताळापासून तो घंटा शिकत होता. ज्याला दोर धरता येत नाही त्याच्याशी मी लग्न करणार नाही, असं बाईंनीच त्याला बजावलं होतं. "आपण दोघं आणि ते चौघं, म्हणजे सहा झाले की."

"पण ते एकमेकांच्या मागे वाजवणार नाहीत."

बाईंनी कपाटातून उकडलेलं अंडं उभं ठेवायचे सहा छोटे पेले काढले. दोन निळे, आतवाल्यांचे. दोन लाल, बाहेरवाल्यांचे. दोन पांढरे. वर्गात गणित अडलं की त्या हेच करत, वस्तू हातात घेत. आधी त्यांनी निळे एकीकडे, लाल एकीकडे ओळीत मांडले.

"हे बघ. लाल लालच्या मागे, निळा निळ्याच्या मागे. पण जिथे निळे संपतात तिथे पहिल्या लालला निळ्याच्या मागे जावं लागतं."

"मग लाल पुढे घे."

"तर निळा लालच्या मागे. आणि सहावा वाजला की पुन्हा पहिला येतो, म्हणजे दुसऱ्या टोकालाही तेच. ही ओळ नाही पीट, वर्तुळ आहे. वर्तुळाला शेपूट नसतं."

पीटने हात पुसले आणि पांढऱ्या पेल्यांकडे बघितलं. "हे कोण?"

"एक मी. मी कुणाला मत देणार हे कुणालाच माहीत नाही, त्यामुळे माझ्या मागे कुणीही येईल." हे खरं होतं. गावाने पुष्कळ प्रयत्न केले होते. पोस्टमन, दूधवाला, खुद्द पाद्रीसाहेब, सगळे आडून आडून विचारून थकले होते. बाई पीटलासुद्धा सांगत नव्हत्या.

"आणि दुसरा?"

"दुसरा असा हवा, की ज्याला मतच नाही."

पीटने एक पांढरा पेला उचलला. "मी चाळीस वर्षं इथे आहे, पण पासपोर्ट हॉलंडचा. माझ्याबद्दल सगळ्या गावाला मत आहे. मलाच नाही."

बाईंनी तो पेला त्याच्या हातून घेतला, निळ्या आणि लालच्या मध्ये ठेवला, आणि त्याच्या गालाचा मुका घेतला. पहिली एनिड, दुसरा बेसिल, तिसरी रोझलिंड, चौथा पीट, पाचवा क्लिफर्ड, सहावी विनिफ्रेड. आणि विनिफ्रेडच्या मागे पुन्हा एनिड. कुणाही बाहेरवाल्याने आतवाल्याच्या मागे जायचं नाही, आणि उलटही नाही.

चौघांना ही योजना पटली. खरं तर चौघांनाही बाईंच्या लग्नाला वाजवायचंच होतं, फक्त हरायचं नव्हतं. क्लिफर्ड म्हणाला, "पीटच्या मागे जायला माझी हरकत नाही. पीट आपला माणूस आहे."

"मग ज्यांना हाकलायचंय ते कुणाची माणसं?" रोझलिंड छताकडे बघत म्हणाली.

"बाई, ही बोलली!"

"मी छताशी बोलले."

गुरुवारी मतदान झालं. शुक्रवारी सकाळी निकाल लागला: बाहेर. क्लिफर्डच्या शेतावर झेंडा चढला. रोझलिंडने दुकान उघडलं, पण डोकेदुखीची गोळी मागायला आलेल्या माणसाला ती म्हणाली, "कालच विचार करायचा होता," आणि दार लावून घेतलं.

त्या दिवशी बाईंनी तिच्या दाराशी दोन चकरा मारल्या. तिसऱ्यांदा दार किलकिलं झालं.

"बाई, मला जमणार नाही. क्लिफर्डचा चेहरा बघवणार नाही."

"चेहरा कुठे बघायचाय? तुला बेसिलचे हात बघायचेत."

दार पुन्हा लागलं.

शनिवारी दुपारी चर्च भरलं. बाईंनी फिकट पिवळा पोशाख घातला होता आणि डोक्यावर रुंद कडेची टोपी. शपथा झाल्या, अंगठी बोटात गेली, पाद्रीसाहेब म्हणाले, "आता तुम्ही पतिपत्नी." पाहुणे रंगीत कागदांचे कपटे उधळायला घेऊन बाहेर उभे राहिले. फोटोवाल्याने कॅमेरा रोखला. नवरा-नवरी दाराकडे आली आणि दारातून बाहेर न पडता डावीकडे वळून घंटाघरात शिरली.

चौघंही आले होते. रोझलिंडचे डोळे सुजलेले होते. ती भिंतीकडे तोंड करून उभी होती.

"क्लिफर्ड, हसू नकोस," बाईंनी टोपी काढत बजावलं.

"मी हसत नाहीये बाई. चेहराच असा आहे."

"मग चेहरा खाली घाल."

सगळ्यांनी दोर धरले. पहिली घंटा वाजवणाऱ्याने आरोळी द्यायची रीत. "तयार! निघतेय... निघाली!" बाई म्हणाल्या आणि त्यांनी दोर ओढला.

पन्नास-साठ फेऱ्या अशा सुंदर झाल्या, की बाहेरच्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मग पीटची नजर चुकली. त्याने बघायला हवं होतं रोझलिंडच्या हातांकडे. त्याने बघितलं पिवळ्या पोशाखातल्या आपल्या बायकोकडे. बघतच राहिला. पुढच्या फेरीत जिन्यावरून भांड्यांची चळत कोसळावी तसा आवाज झाला.

"पीट, थांबव तुझी!" बाई ओरडल्या. पीट आज्ञाधारक. त्याने घंटा वर नेऊन तोलली आणि थांबवली.

आता पाचच घंटा राहिल्या, आणि रोझलिंडच्या मागे कुणी नव्हतं. क्लिफर्ड पीटची रिकामी जागा सोडून वाजवू लागला. पडलेल्या दातासारखी ती फट प्रत्येक फेरीत ऐकू येत होती. बाहेर कुणीतरी हसलं. बाईंच्या लग्नाच्या घंटा बोबड्या बोलत होत्या.

घंटाघरात सूचना दिली की ती पाळायची, चर्चा नंतर. हे बाईंनी ह्या सगळ्यांच्या हाडांत भिनवलं होतं.

"क्लिफर्ड, रोझलिंडच्या मागे!"

क्लिफर्डच्या डोक्याने नाही म्हणायचं ठरवलं असेल, पण तोवर हातांनी ऐकलं होतं. त्याची मान वळली, नजर रोझलिंडच्या मनगटांवर गेली, आणि फट बुजली. एक फेरी, दोन, दहा. रोझलिंड समोर बघत होती. तिचा हात जरासा रेंगाळला की त्याचाही दोर तेवढाच थांबत होता.

"थांबा!" बाईंनी शेवटी आरोळी दिली. घंटा एकेक करून गप्प झाल्या.

"तू उशीर करत होतीस," क्लिफर्ड लगेच म्हणाला.

"मी? तू माझ्या पाठीवर बसत होतास!"

"गेली तीस वर्षं तू उशीर करतेस. रोज औषधं वाटून हात जड झालेत."

"आणि तू पहिलीतसुद्धा रांगेत धक्के द्यायचास. बाई, द्यायचा की नाही?"

हे भांडण बाईंच्या ओळखीचं होतं. एकोणपन्नास वर्षं त्या ते ऐकत आल्या होत्या, आणि गेले अडीच आठवडे ते त्यांच्या कानावर पडलं नव्हतं.

"पण पाचच वाजल्या," पीट अपराधी आवाजात म्हणाला. "तुला सहा हव्या होत्या."

क्लिफर्डने कॉलर सैल केली. "बाई, पीटला माझ्या मागे घाला. माझे हात मोठे आहेत, ते तरी त्याला दिसतील. हिच्या त्या इवल्याशा मनगटांमागे ठेवून उगाच नवा माणूस बिघडवू नका."

"म्हणजे माझ्या मागे कोण?" रोझलिंडने विचारलं.

"कोण म्हणजे? मीच. दुसरं कोण सांभाळून घेणार तुला?"

"उद्यापासून मी तुझ्याशी बोलणार नाहीये, क्लिफर्ड."

"बोलू नकोस. फक्त वेळेवर ओढ."

तिने दोर धरला. दारात फोटोवाला येऊन उभा होता आणि नवरी मिळेल का, असं विचारत होता. विनिफ्रेडने त्याला पायाने दार लावून बाहेर घालवलं.

"पीट, क्लिफर्डच्या हातांकडे," बाई म्हणाल्या. "माझ्याकडे बघायला उभा जन्म पडलाय. तयार!"